प्रोबेट, वारस दाखला आणि पालकनियुक्तीचे कोर्टातील जुने कागद कसे शोधावेत

‘आजोबा गेल्यावर कोर्टात काहीतरी झाले होते’ एवढेच पुष्कळ कुटुंबांत माहीत असते. ते काहीतरी म्हणजे मृत्युपत्राचे प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला) होते, वारस दाखला होता, की घरातल्या अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलांसाठी पालक नेमण्याचा अर्ज होता, हे सांगणारे माणूस बहुधा हयात नसते. मग जमीन विकताना, पुनर्विकासात सदनिका नावावर करून घेताना किंवा बँकेतील जुनी ठेव काढताना नेमका तोच कागद मागितला जातो. लोक थेट न्यायालयात जातात आणि ‘नंबर काय, साल कोणते’ या पहिल्याच प्रश्नाशी अडतात. माझा अनुभव असा आहे की हा नंबर बहुतेक वेळा कोर्टाबाहेरच्या कागदांत सापडतो, म्हणून शोधाची सुरुवात तिथूनच करावी.

त्याआधी आपण कोणत्या प्रकारचे प्रकरण शोधत आहोत हे ठरवणे आवश्यक आहे. मृत्युपत्र असेल आणि त्यात ते अमलात आणणारा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमलेला असेल, तर प्रोबेट. मृत्युपत्र नसेल किंवा व्यवस्थापक नसेल, तर लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मयताच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्याचे कोर्टाचे अधिकारपत्र. भारतीय वारसा अधिनियम, 1925 च्या कलम 372 खाली मिळणारे वारसा प्रमाणपत्र, ज्याला बोलताना सगळे सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात, ते येणे रकमा, ठेवी आणि रोखे यांपुरते असते. जमिनीसाठी ते नसते. जुन्या मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांत दिवाणी न्यायालयाकडून घेतला जाणारा वारस दाखला 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खालचा असतो, आणि महाराष्ट्रातील जुन्या कुटुंबांच्या कपाटात बहुधा हाच सापडतो. तलाठ्याने गाव नमुना 6-क मध्ये घेतलेली वारस नोंद किंवा निवृत्तिवेतनासाठी तहसील कार्यालयातून काढलेला दाखला हा कोर्टाचा कागद नव्हे. घरात ‘वारस दाखला आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्यावरचा शिक्का प्रथम पाहावा.

प्रोबेटच्या बाबतीत मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र यांत मोठा फरक आहे. मुंबई शहरात केलेल्या किंवा तेथील स्थावर मिळकतीविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना वारसा अधिनियमाच्या कलम 57 आणि 213 यांमुळे अनेक दशके प्रोबेट आवश्यक होते. संसदेने 2025 च्या अखेरीस कलम 213 वगळले, परंतु त्यापूर्वीची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या दप्तरी आहेतच. साताऱ्यात किंवा सांगलीत केलेल्या आणि तिथल्याच जमिनीविषयीच्या मृत्युपत्रावर मात्र थेट फेरफार, म्हणजे महसूल दप्तरी हक्कबदलाची नोंद, होत असे. तिथे प्रोबेटची फाइल मुळातच झालेली नसण्याची शक्यता अधिक, आणि ती शोधण्यात महिने घालवू नयेत.

जमीन असेल तर सातबारावर दिसणाऱ्या फेरफार क्रमांकांपासून मागे जावे. हल्लीच्या उताऱ्यावरून जुना उतारा, त्यावरून त्याच्याही आधीचा, असे करत गाव नमुना 6 मधील मूळ फेरफार नोंद काढावी. काही जिल्ह्यांतील जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात मिळतात. उरलेल्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करावा लागतो. नोंद हाती आल्यावर ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. ‘मे. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांचेकडील किरकोळ अर्ज नं. अमुक / 1964 मधील वारस दाखल्यावरून’ असे वाक्य तिथे असते, आणि ‘किरकोळ अर्ज’ याऐवजी ‘कि. अ.’, ‘चौकशी अर्ज’ किंवा ‘चौ. अ. नं.’ असेही लिहिलेले असते. हाच आपल्याला हवा असलेला नंबर.

पालकनियुक्तीची खूण याहून बारीक असते. सातबारावर नावापुढे ‘अ. पा. क. आई’ असे असेल, तर त्याचा अर्थ अज्ञान पालनकर्ती आई. केवळ या खुणेवरून कोर्टात अर्ज झाला होता असे म्हणता येत नाही, कारण नैसर्गिक पालकाचे नाव कोर्टाशिवायही असेच लागते. आमच्या घरच्या शोधात मी इथेच चुकलो आणि जवळजवळ वर्षभर अस्तित्वात नसलेला नियुक्तीचा हुकूम शोधत राहिलो. पुढे त्याच गटातील एका विक्रीच्या फेरफारात ‘कोर्टाचे परवानगीवरून’ हे दोन शब्द दिसले. त्या विक्रीचे खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून काढले, तेव्हा दुसऱ्या पानावर परवानगीच्या अर्जाचा नंबर, कोर्टाचे नाव आणि हुकमाची तारीख तिन्ही लिहिलेली होती. आजीला पालक म्हणून कोणी नेमलेले नव्हते. तिने हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 8 प्रमाणे फक्त विक्रीची परवानगी मागितली होती. खरेदीखते नोंदणीच्या पुस्तक 1 मध्ये असतात आणि ते कोणालाही पाहता येते. सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयातील इंडेक्स 2) वरून दस्ताचा नंबर काढता येतो. अज्ञानाच्या जमिनीची विक्री झालेली असेल, तर कोर्टात जाण्यापूर्वी खरेदीखत काढावेच.

शहरातील मिळकतीसाठी मालमत्ता पत्रकावरील फेरफाराचा शेरा पाहावा आणि नगर भूमापन कार्यालयातून त्या फेरफाराचे कागद मागावेत. सदनिका असेल, तर गृहनिर्माण संस्थेच्या फाइलमध्ये सभासदत्व हस्तांतराच्या वेळी दिलेली प्रोबेटची नक्कल बहुधा लावलेली असते. संस्थेच्या सचिवांना लेखी पत्र द्यावे. बँक आणि शेअर असलेल्या कंपन्यांकडेही अशाच नकला दिलेल्या असतात. वारस दाखल्याच्या अर्जात हरकती मागवण्यासाठी जाहीर नोटीस निघते, त्यामुळे मृत्यूनंतरच्या वर्ष-दोन वर्षांतील स्थानिक वृत्तपत्रांचे अंक ज्या ग्रंथालयात जपलेले असतील, तिथे बसून पाहण्यातही अर्थ आहे.

नंबर मिळाला की कोर्ट कोणते, हा प्रश्न उरतो. प्रकरण दाखल झाले त्या वेळचा जिल्हा धरावा, आजचा नव्हे. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये रत्नागिरीतून, लातूर 1982 मध्ये उस्मानाबादेतून, नंदुरबार 1998 मध्ये धुळ्यातून आणि पालघर 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. सावंतवाडीच्या कुटुंबाचा 1960 चा अर्ज रत्नागिरीच्या दप्तरात असू शकतो, आणि नव्या जिल्ह्याकडे काय पाठवले गेले हे दोन्हीकडे विचारल्याशिवाय कळत नाही. सांगली, मिरज, फलटण, औंध, भोर ही संस्थाने 1948 मध्ये विलीन झाली, कोल्हापूर 1949 मध्ये; त्यापूर्वीचे निवाडे संस्थानी न्यायालयांचे आहेत आणि त्यांसाठी पुराभिलेख संचालनालयाच्या पुणे व कोल्हापूर येथील कार्यालयांत चौकशी करावी. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबादच्या उच्च न्यायालयाच्या अधिकारात होता, त्यामुळे तिथले जुने कागद पुष्कळदा उर्दूत असतात आणि वाचणारा माणूस आधी शोधावा लागतो. पालकत्वाच्या अर्जांत आणखी एक फाटा आहे: जिथे कुटुंब न्यायालय आहे, तिथे मुलाच्या ताब्याची आणि व्यक्तीच्या पालकत्वाची प्रकरणे त्याच्याकडे असतात, तर केवळ मिळकतीसंबंधीचे अर्ज जिल्हा न्यायालयाकडे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली पालक नेमलेला असेल, तर ती नियुक्ती जिल्हाधिकारी असलेल्या स्थानिक स्तर समितीने केलेली असते. तिचे कागद कोर्टात मिळणार नाहीत.

अलीकडच्या प्रकरणांसाठी ई-कोर्ट सेवेचे संकेतस्थळ उपयोगी आहे. जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येते. मात्र वर्ष द्यावे लागते आणि ‘निकाली’ हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर केवळ प्रलंबित प्रकरणे दिसतात. नावाची सर्व रूपे करून पाहावीत, आडनाव आधी घेऊन आणि शेवटी घेऊनही. मयताच्या नावापेक्षा अर्जदाराचे नाव अधिक कामाला येते, आणि अर्जदार विधवा, विवाहित मुलगी किंवा दत्तक मुलगा असेल, तर दोन्ही घरांची नावे तपासावीत. प्रकरण सापडल्यास त्याचा 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे ई-कोर्टमधील त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टिपून ठेवावा. जुनी प्रकरणे तिथे बहुधा नसतात. न दिसल्याने प्रकरण झालेच नाही असा निष्कर्ष काढू नये. मुंबई उच्च न्यायालयासाठी त्याच्या स्वतंत्र संकेतस्थळावर मूळ शाखा, म्हणजे ओरिजिनल साइड, निवडून टेस्टामेंटरी पिटिशन, म्हणजे वारसा-मृत्युपत्रविषयक अर्ज, पाहावे. हरकत घेतली गेली असेल, तर पिटिशनचे रूपांतर टेस्टामेंटरी सूटमध्ये होते आणि नंबर बदलतो, म्हणून दोन्ही प्रकारांत शोधावे. या शाखेचे दप्तर प्रोथोनोटरी व सीनियर मास्टर यांच्या कार्यालयाकडे असते.

प्रत्यक्ष न्यायालयात दोन अर्ज लागतात. नंबर अर्धवट असेल, तर आधी शोधाचा अर्ज द्यावा, ज्यात मयताचे नाव, मृत्यूची तारीख, गाव आणि शोधायची वर्षे लिहावीत. चार-पाच वर्षांचीच मर्यादा घालावी, म्हणजे अभिलेखपालास नोंदवही चाळणे शक्य होते. नंबर पक्का असेल, तर नक्कल विभागात नक्कल अर्ज करावा. मूळ प्रकरणात आपण पक्षकार नसू, तर आपण त्रयस्थ ठरतो आणि कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. मयताशी नाते दाखवणारा कागद आणि मिळकतीचा उतारा सोबत लावल्यास कारण पटवून देणे सोपे जाते. माहिती अधिकाराचा अर्ज येथे चालत नाही. न्यायिक कागदांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच घ्याव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये दिला आहे.

नक्कल मागताना केवळ हुकूम मागू नये. रोजनामा, निशाणी (एक्झिबिट) 1 वरील मूळ अर्ज आणि कागदयादी यांच्या नकलाही मागाव्यात. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय घडले हे एका-दोन ओळींत असते: नोटीस बजावली, सामनेवाला हजर, हरकत नाही, जबाब नोंदवला. चुलत्याने हरकत घेतली होती का, ती मागे घेतली का, याचे उत्तर हुकमात नसले तरी इथे असते. लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशनच्या अर्जात वारसा अधिनियमाच्या कलम 278 प्रमाणे मयताचे नातेवाईक आणि त्यांचे राहण्याचे पत्ते द्यावे लागतात. वंशावळ लावणाऱ्यांसाठी याहून भरवशाचा कागद मला माहीत नाही. प्रोबेट मिळाल्यावर व्यवस्थापकाने सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशेब दाखल करायचा असतो, म्हणून त्यांचीही विचारणा करावी. आणि कलम 294 नुसार ज्यावर प्रोबेट दिले ते अस्सल मृत्युपत्र न्यायालयाच्या दप्तरीच जपून ठेवायचे असते. घरात फक्त नक्कल आहे म्हणून अस्सल हरवले असे समजू नये.

पालक व पाल्य अधिनियम, 1890 खालच्या फाइलीत पाल्याची जन्मतारीख, जवळचे नातेवाईक आणि मिळकतीचे वर्णन मूळ अर्जातच असते. कोर्टाने फर्मावले असल्यास नियुक्तीनंतर दाखल केलेले विवरण आणि हिशेबही असतात. मिळकत विकण्याची कलम 29 खालची परवानगी स्वतंत्र अर्जाने मागितलेली असते आणि तिचा नंबर वेगळा असू शकतो. कोर्टाने पालक नेमलेल्या मुलाचे अज्ञानत्व 1999 च्या दुरुस्तीपर्यंत 18 ऐवजी 21 व्या वर्षी संपत असे. त्यामुळे जुन्या प्रकरणात पाल्य अठरा वर्षांचा झाल्यानंतरही तीन वर्षांचे कागद पाहावे लागतात.

गोव्यातील मिळकतीसाठी ही सारी वाट बदलते. तिथे पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेली इन्व्हेंटरीची (मयताच्या मिळकतीची यादी करून वारसांत वाटप करण्याची) कार्यवाही दिवाणी न्यायालयात होते, आता ती 2012 च्या गोवा अधिनियमाखाली चालते. वाद नसेल तर वारसांचा दस्त दुय्यम निबंधक कार्यालयातील विशेष नोटरीपुढे होतो, म्हणून दोन्ही ठिकाणी विचारावे. नातेवाईक अमेरिकेत वारला असेल, तर तो ज्या काउंटीत राहत होता तिथले प्रोबेट न्यायालय पाहावे. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये त्याला सरोगेट कोर्ट म्हणतात. तिथे सिद्ध झालेल्या मृत्युपत्राची विधिवत प्रमाणित प्रत आणल्यास भारतीय वारसा अधिनियमाच्या कलम 228 खाली इथे लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन मागता येतात.

काही वेळा फाइल नष्ट केलेली असते, कारण न्यायालयीन दप्तराचे वर्ग पाडून ठरावीक मुदतीनंतर कागदांची विल्हेवाट लावली जाते. तसे तोंडी सांगितले गेल्यास तेवढ्यावर परत येऊ नये. नक्कल अर्ज दाखल करून त्यावरच ‘दप्तर नष्ट केले’ असा तारखेसह लेखी शेरा घ्यावा आणि नोंदवहीतील त्या प्रकरणाच्या नोंदीची नक्कल मागावी, कारण फाइल गेली तरी नोंदवही पुष्कळदा शिल्लक असते. मृत्युपत्र नोंदवलेले असेल, तर ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याची नक्कल दुय्यम निबंधकांकडे कोणालाही मागता येते. हा शेरा, नोंदवहीची नक्कल आणि फेरफारासोबत किंवा संस्थेच्या फाइलीत सापडलेली जुनी प्रत एकत्र ठेवावी. अस्सल उपलब्ध नसताना दुय्यम पुरावा देण्यासाठी, जी सोय आता भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मध्ये आहे, वकील याच तीन कागदांपासून सुरुवात करतात.