फिटच्या गोळ्या: या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत औषधाच्या काउंटरवर उभं राहून एक वाक्य ऐकून कान किटलेत: "वरीस झालं, एकदाबी फिट न्हाई. मग गोळ्या कशाला?" अहो, गोळी चालू आहे म्हणूनच नाही! या गोळ्या आजार मुळातून काढत नाहीत. मेंदूतल्या पेशी एकदम भडकल्या की फिट येते, तो भडका त्या दाबून ठेवतात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन पेशींतली सोडियमची वाट अडवतात. क्लोबाझाम, फिनोबार्बिटोन 'गाबा' या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात. साधारण दोन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर गोळी बंद करायचा विचार करतात, तेही हळूहळू कमी करत. एकदम सोडली तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं. जोतिबाच्या यात्रेला रात्रभर जागरण आणि गोळी घरी विसरलेली, हे तर आमंत्रणच.

माझा खरा राग मात्र मनानं गोळी वाढवणाऱ्यांवर आहे. कागलकडचे एक अण्णा रोज 100 मिलीग्रॅमच्या तीन फेनिटॉइन घ्यायचे. उसाच्या फडात फिट आली, म्हणून कुणा पाहुण्याच्या सांगण्यावरून चार केल्या, मग पाच. थोड्याच दिवसांत झोकांड्या जायला लागल्या, जीभ जड, बुबुळं थरथरायची. गावात बोभाटा झाला, अण्णा प्यायला लागले! वहिनी शपथा घालून दमल्या. महिन्याच्या गोळ्या लवकर संपल्या म्हणून त्या दुकानात आल्या, तेव्हा हिशेब जुळेना आणि भांडं फुटलं. डॉक्टरांनी रक्तातली पातळी तपासली, ती हवी त्याच्या दुपटीच्याही वर होती.

फेनिटॉइनचं गणित सरळ नाही. गुऱ्हाळाच्या घाण्याला झेपतो त्याहून एकच गाडी ऊस रोज जादा आला, तरी दारात रांग वाढतच जाते. औषध जिरवणाऱ्या यकृताचं तसंच होतं. 300 चे 400 केले की पातळी फक्त एक तृतीयांशानं वाढत नाही, दुप्पटसुद्धा होऊ शकते. फिट आली तर डॉक्टरांना फोन करा, पाहुण्यांना नको.

उलट लॅमोट्रिजिनवाल्यांना धीर नसतो. "एवढ्याशा गोळीनं काय हुतंय?" ती एक-दोन आठवड्यांनी थोडी थोडी वाढवतात, कारण घाई केली तर अंगावर जीवघेणं पुरळ उठू शकतं. पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

स्वस्त मिळाली म्हणून दर महिन्याला कंपनी बदलू नका. सीआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी कुटू नका. लेव्हेटिरासिटामनं माणूस चिडचिडा झाला तर भांडू नका, डॉक्टरांना सांगा. सासरी कळेल म्हणून गोळी चुकवणाऱ्या मुलींना, त्यापेक्षा त्यांच्या आईवडिलांना, काय बोलावं कळत नाही. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दिवस जायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, बाळाला व्यंगाचा धोका असतो. पण गोळी परस्पर बंद नको.

मोबाइलच्या अलार्मवर माझा विश्वास नाही. वाजतो, बंद करतात, विसरतात. मी गोळ्यांच्या पट्टीच्या मागं पेनानं वार लिहून देतो. गोळी पोटात गेली का, ते पट्टीच सांगते.

आणि फिट आली की ते चप्पल, कांदा हुंगवणं सोडा. तोंडात चमचा नको, पाणी नको. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो. तो डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कसा मारायचा ते घरातल्या दोघांना तरी शिकवून ठेवा.