कणकुंबी-चोर्ला पट्ट्यात बेडूक-सरड्यांचा अभ्यास: धरायचं कसं, सोडायचं कुठं

आधी कागद. बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली परवानगी लागते. अनुसूचीतला, म्हणजे त्या कायद्याच्या संरक्षित यादीतला प्राणी धरायचा तर कलम १२ खाली वेगळी. दोन्ही कर्नाटकच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळतात. चोर्ला घाटात पुढं गोव्याची हद्द लागते आणि तिथं हा कागद चालत नाही, म्हणून जीपीएसमध्ये हद्द आधीच टाकून ठेवा. रात्री बॅटऱ्या घेऊन फिरणार असल्याचं गावात सांगून निघा. जंगलात अस्वलं आणि गवे आहेत. एकटं जाऊ नका.

जूनच्या पहिल्या दमदार पावसापासून सप्टेंबरपर्यंत, संध्याकाळी ७ ते १० ही वेळ बेडकांची. ओढ्याकाठी १०० मीटर दोरी टाका, दोन्ही बाजूंना २-२ मीटर बघत हळू चला. प्राणी मोजायला थांबलात की घड्याळही थांबवा, नाहीतर दोन रात्रींची तुलना होत नाही. बॅटरी कपाळावर हवी. उजेड नजरेच्या रेषेत असेल तरच डोळ्यांची चमक परत दिसते. कमरेपाशी धरलेल्या बॅटरीनं निम्मे प्राणी सुटतात. हिरवट-निळा बारीक ठिपका चमकला तर बहुधा तो कोळी.

झुडपी बेडकांना धरायची घाई नको. एकाच जातीत रंग इतके बदलतात की फोटोवरून हमखास घोटाळा होतो. १९१९ मध्ये कॅसलरॉकच्या नमुन्यावरून वर्णन झालेला राओर्चेस्टिस बॉम्बेएन्सिसही त्यातलाच. नराची हाक २-३ मिनिटं डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाइल) रेकॉर्ड करा आणि हवेचं तापमान लगेच लिहा, कारण गारठ्यात हाकेचा वेग मंदावतो. मग त्याच नराला धरा. शेजारचा धरलात तर रेकॉर्डिंग वाया.

जळवांसाठी मोज्यांना तंबाखू किंवा मीठ चोळायची आपल्याकडची रीत इथं घातक ठरते. बेडकाची कातडी निकोटीनही शोषते आणि मच्छर मलमही. जाड कापडाचे लांब मोजे घाला, हात ओढ्याच्या पाण्यात धुऊन ओले ठेवा. एका पिशवीत एकच बेडूक, सोबत ओलं पान आणि थोडी हवा. दोन जाती एकत्र ठेवल्या तर एकीच्या कातडीतल्या विषानं दुसरी मरू शकते. वजन आधी घ्या; घाबरून मुतला की आकडा बदलतो. नंतर नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी कॅलिपरनं तीनदा मोजून सरासरी काढा. धरल्या जागी फांदीला नंबराची फीत बांधा आणि सोडायचं त्याच फितीपाशी.

पाल, सापसुरळी शेपटीनं धरू नका, शेपटी हातात राहते. सरड्यासाठी २ मीटर काठीच्या टोकाला मासेमारीच्या दोऱ्याचा सैल फास पुरतो.

दगड उलटताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे साप आणि पाय यांच्यामध्ये दगड राहतो. नंतर तो जसा होता तसाच ठेवा. खालची ओल गेली की देवगांडुळं (बेडकांच्या नात्यातले, गांडुळासारखे दिसणारे बिनपायाचे उभयचर) टिकत नाहीत. चोर्ला भागातूनच २००७ मध्ये त्यांची एक नवी जात नोंदली गेली. ओळखायला अंगावरच्या कड्या मोजाव्या लागतात. बुळबुळीत जनावर हातात धरून ते जमत नाही, बाजूनं फोटो काढून घरी मोजा.

विषारी साप विद्यार्थ्यानं धरायचाच नाही, लांबून फोटो पुरे. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे. चापडा या विषारी सापाच्या दंशावर तिचा भरवसा नाही. दंश झाला तर आवळपट्टी नको, चिरा नको. अवयव हलू न देता थेट खानापूर किंवा बेळगाव.

एका ओढ्यातून दुसऱ्यात जाण्याआधी बुटांचा चिखल ब्रशनं घासून काढा आणि ७० टक्के अल्कोहोल फवारून मिनिटभर थांबा. बेडकांच्या कातडीला रोग लावणारी कायट्रिड बुरशी चिखलातूनही पसरते, आणि चिखल तसाच ठेवून फवारलेलं अल्कोहोल आतपर्यंत पोचत नाही.