मुलांच्या ट्रॉमावर काम करायला येताय? आधी विचारायचं थांबवायला शिका

एमए सायकॉलॉजी किंवा एमएसडब्ल्यू करून पुण्यातल्या एखाद्या बालगृहात, वस्तीतल्या सेंटरवर नाहीतर शाळेत काउन्सेलर म्हणून नुकतेच लागलेल्यांसाठी लिहितेय. अटॅचमेंट, पीटीएसडी, फाइट-फ्लाइट हे सगळं तुम्ही पेपरात लिहून आलेले असता, त्यामुळे ते परत सांगत नाही. मला ह्या कामात येताना जे कोणी सांगितलं नव्हतं आणि ज्याच्यात मी बराच काळ अडकले, ते एकच नीट सांगायचंय, ते म्हणजे मुलाकडून ‘गोष्ट’, म्हणजे त्याच्यावर काय गुदरलं ते, काढून घेणं.

होतं असं की नवीन मूल येतं, सोबत फाइल येते, फाइलमध्ये अर्धवट काहीतरी असतं, वडील दारू पितात, आई नाही, स्टेशनवर सापडला, बास. इनटेक फॉर्मवर, म्हणजे मूल दाखल करताना भरायच्या अर्जावर, घटनेच्या तपशिलाचा मोठा रकाना असतो आणि तो रिकामा दिसला की मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतंच, अजून ओपन अप झाला नाही का? मग तुम्ही मुलाला विचारता. मूल गप्प. मग जरा प्रेमाने विचारता, चॉकलेट देता, परत विचारता, मूल काहीतरी सांगतं आणि तुम्हाला वाटतं चला विश्वास बसला. त्या रात्री ते मूल अंथरूण ओलं करतं किंवा शेजारच्याला चावतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही दिसलात की बाथरूममध्ये जाऊन बसतं. त्याने तोवर हेच सगळं पोलिसांना, मेडिकलच्या वेळी डॉक्टरांना, सीडब्ल्यूसीसमोर (बालकल्याण समितीसमोर) आणि अधीक्षकांना सांगून झालेलं असतं हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

‘बोललं की मन मोकळं होतं’ हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की त्यावर कोणी शंका घेत नाही. मोठ्या माणसाने, स्वतःच्या मर्जीने, आपल्या माणसाजवळ बोलणं वेगळं. अनोळखी ताईने बंद खोलीत विचारलं म्हणून लहान मुलाने सगळं परत आठवणं वेगळं. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून घ्यायची जी डीब्रीफिंगची पद्धत होती ती वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, आणि २०११ च्या त्यांच्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतही स्पष्ट आहे की माणसाला घडलेलं सांगायला भाग पाडायचं नाही. बघा, ऐका, जोडून द्या, एवढंच. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटीमध्ये, म्हणजे अशा धक्क्यांसाठीच्या टप्प्याटप्प्याच्या थेरपीमध्ये, घटनेबद्दल बोलणं आहेच, मी ते नाकारत नाही, पण ते मधल्या टप्प्यात येतं. त्याआधी शरीर शांत करायचे मार्ग, भावनांना शब्द, सांभाळणाऱ्या माणसाची तयारी, हे सगळं झालेलं असतं आणि मगसुद्धा थोडं थोडं. आपण पहिल्याच दिवशी थेट मधल्या टप्प्यावर उडी मारतो.

न विचारण्याचं दुसरं कारण कायद्याचं आहे आणि हे जास्त लोक विसरतात. लहान मुलाला एकच प्रश्न परत विचारला की त्याला वाटतं पहिलं उत्तर चुकलं, मग ते उत्तर बदलतं. तुम्ही ‘काकांनी हात लावला का’ असं विचारलंत तर काका हा शब्द तुम्ही त्याच्या तोंडात घातलात. पुढे केस उभी राहिली की बचाव पक्षाचा वकील नेमकं ह्याच्यावर बोट ठेवतो. पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम ३३ मध्ये मुलाला साक्षीसाठी परत परत बोलावलं जाऊ नये ही जबाबदारी खुद्द विशेष न्यायालयावर टाकलीय. कोर्टाला जे बंधन आहे ते आपण रकाना भरायचा म्हणून मोडायचं का? पोलिसांचा जबाब, वैद्यकीय अहवाल, सीडब्ल्यूसीचा आदेश जे काही असेल ते आधी वाचा, आणि रकान्यात ‘मुलाला विचारलेलं नाही’ असं सरळ लिहा. मी आता तसंच लिहिते. त्यावरून वाद होतात, होऊ देत.

मूल आपणहून बोललं तर मात्र हातातलं काम ठेवून ऐकायचं. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काहीच चूक नाही’ हे म्हणायचं, विचारायचंच असेल तर ‘मग काय झालं’ एवढंच, आणि नंतर लगेच त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, आपले सुधारलेले शब्द घालायचे नाहीत. आणि ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच, कधीच द्यायचं नाही. पोक्सो २०१२ च्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तसं होईल अशी भीती वाटली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेचा प्रमुख असेल तर त्याहून जास्त. ‘आधी आपण आपल्या पातळीवर बघू’ म्हणणारे सीनियर भेटतील, चांगली माणसंही असतात ती, तरी ऐकू नका. मुलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवा की तुला कोणी त्रास देतंय असं कळलं तर मला मदत करणाऱ्या माणसांना सांगावं लागेल, पण कोणाला सांगतेय ते तुला आधी सांगेन. मुलांना हे कळतं.

मग सेशनमध्ये करायचं काय, गप्प बसायचं? नवीन मुलींचा हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो, कारण रिकाम्या हाताने बसलोय असं वाटून खूप घाबरायला होतं. करायचं एवढंच की तुमचा अंदाज मुलाला बांधता आला पाहिजे. तोच वार, तीच वेळ, तीच खोली, तीच सतरंजी. ज्या मुलाच्या घरी रोज संध्याकाळी काय होईल ह्याचा नेम नव्हता त्याच्यासाठी मंगळवारी चारला ताई येते आणि खरंच येते हीच ट्रीटमेंट आहे. बस स्वारगेटला अडकली तर फोन करून मुलापर्यंत निरोप पोचवा. सागरगोटे, माती, चित्रं, काहीही चालतं. भावनांचे तक्ते इंग्रजीतून भाषांतर करून आणू नका, मुलं ‘पोटात कसंतरी होतं’, ‘धडधडतं’, ‘डोकं फिरतं’ असंच म्हणतात, तेच शब्द घ्या. बांधकामाच्या साइटवरची मुलं कन्नड, गोरमाटी (बंजारा बोली), हिंदी बोलतात, त्यांच्याकडून दोन-चार शब्द शिकलात तर त्यांना खूप आनंद होतो.

उशीखाली चपाती लपवणाऱ्या मुलाची चपाती काढून घेऊ नका, त्याला झाकणाचा डबा द्या आणि तो रोज भरेल ह्याची सोय करा. शून्यात बघत बसणारं मूल शहाणं आणि शांत म्हणून सगळ्यांच्या नजरेतून सुटतं, त्याच्याकडे आधी बघा. पहिल्याच भेटीत येऊन मिठी मारणाऱ्या मुलाबद्दल ‘किती पटकन रुळला’ असं म्हणून खूश होऊ नका. वर्गात चुळबुळ करणाऱ्या प्रत्येकाला एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) म्हणण्याआधी तो रात्री झोपतो का हे विचारा. आणि तारखा, आवाज, वास ह्यांची नोंद ठेवा. आपल्याच जिल्ह्यात ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला, अशा आपत्तीतून वाचलेल्या मुलासाठी दर वर्षीचा जोराचा पाऊस साधा नसतो, आणि घरातल्या मारहाणीतून आलेल्या मुलासाठी जिन्यावरचा पावलांचा आवाजसुद्धा.

माझं ठाम मत आहे की अर्धं काम मावशींबरोबर, म्हणजे बालगृहात मुलांना सांभाळणाऱ्या बायकांबरोबर, असतं. मावशी चोवीस तास तिथे असतात, तुम्ही आठवड्यातून तास-दोन तास. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतली १३६ लहान मुलं होती, त्यातल्या निम्म्यांना सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांत (फॉस्टर केअर) ठेवलं आणि ती सावरली जास्त, त्यातही जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांचं नातं जुळणं सगळ्यात चांगलं झालं. एक कायमचं माणूस लागतं, थेरपिस्ट त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून मावशींना ‘ट्रेनिंग’ द्यायला जाण्याआधी त्यांच्याबरोबर बसून चहा घ्या आणि कोणतं मूल कशाने शांत होतं ते त्यांना विचारा. आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज कसा भरायचा हे शिकून घ्या, हो, काउन्सेलरनेसुद्धा, कारण त्या पैशांमुळे एखादी आत्या मुलाला घरी सांभाळू शकली तर ते तुमच्या कितीतरी सेशन्सपेक्षा मोठं आहे.

शॉर्टकटबद्दल बोलायलाच हवं. वीकेंडच्या कोर्सवर ‘ट्रॉमा स्पेशालिस्ट’ होता येत नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते आणि तिथले अभ्यासक्रम सध्या बदलताहेत, त्यामुळे फी भरण्याआधी त्यांच्याच यादीत नाव बघा. कौशल्यासाठी म्हणाल तर बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्य संस्थेच्या ‘संवाद’ ह्या मुलांसाठीच्या उपक्रमाचं साहित्य आपल्याकडच्या मुलांना धरून बनवलंय, तिथून सुरुवात करा. एसीई स्कोअर, म्हणजे लहानपणीच्या वाईट अनुभवांची बेरीज, काढून ‘ह्याचा सात आहे, हा गेला’ असं म्हणणारे भेटले की मला खरंच राग येतो. १९९८ चा तो अभ्यास सॅन डिएगोतल्या प्रौढांचा होता, सतरा हजारांहून जास्त लोक त्या प्रकल्पात होते, त्यातून समाजाचं चित्र कळतं, समोरच्या मुलाचं भविष्य नाही, आणि त्या अभ्यासाचे एक जनक रॉबर्ट अँडा यांनीच २०२० मध्ये एकेका व्यक्तीसाठी तो स्कोअर वापरण्याबद्दल सावध केलंय. बहुतेक मुलं सावरतात, हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. सुरक्षित जागा, शाळा आणि आपलं एक माणूस मिळालं की थेरपीशिवायही पुष्कळ मुलं सावरतात. जी सावरत नाहीत, झोप-जेवण तुटलंय, स्वतःला इजा करताहेत, त्यांना एकट्याने धरून बसू नका, सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवा, त्यात कमीपणा काहीच नाही.

नोकरी घेताना इंटरव्ह्यूलाच विचारा की सुपरव्हिजन, म्हणजे तुमच्या केसेसवर अनुभवी माणसाचं नियमित मार्गदर्शन, कोण देणार आणि किती वेळा. ‘दरवाजा कायम उघडा आहे’ असं उत्तर आलं तर समजा की सुपरव्हिजन नाही. स्वतः अजून मुलांबरोबर बसणारा सुपरवायझर शोधा, आणि मुलाला काय झालं होतं ह्यापेक्षा तुम्ही त्याच्यासोबत काय केलंत हे आधी विचारणारा. रात्री मुलांची स्वप्नं पडायला लागली, घरी चिडचिड व्हायला लागली तर ते तिथे बोला, हे सगळ्यांना होतं, त्याने तुम्ही ह्या कामाला नालायक ठरत नाही.

आणि पगार कमी म्हणा, लग्न म्हणा, पुढचं शिक्षण म्हणा, कधीतरी तुम्ही ती जागा सोडालच. तेव्हा शेवटच्या दिवशी केक कापून निघू नका. निदान महिनाभर आधी मुलाला सांगा, कॅलेंडरवर शेवटचा मंगळवार दाखवा, तुमच्यानंतर कोण येणार त्या माणसाला सोबत आणून ओळख करून द्या, आणि मूल चिडलं, बोलायचं बंद झालं तरी उरलेल्या प्रत्येक मंगळवारी चारला जा.