सिम्युलेटर रूमची उंची आधी बांबूवर मोजा

घरात गोल्फ सिम्युलेटर (खोलीतच स्क्रीनवर बॉल मारून गोल्फ खेळायची सोय) लावायचा म्हणून लोक आधी प्रोजेक्टर नि स्क्रीनचे भाव काढतात, पण पुण्यातल्या फ्लॅटात खरी अडचण वर असते, ड्रायव्हर, म्हणजे गोल्फचा सगळ्यात लांब क्लब (बॉल मारायची काठी), छताला लागतो. १० फूट उंची असेल तर बऱ्याच जणांचं निभतं, आपल्याकडे बीमखाली तेवढी क्वचितच मिळते.

त्यामुळे ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे करा:

१. १२ फुटी बांबूवर दर अर्ध्या फुटाला रंगीत टेप लावून तो सोसायटीच्या टेरेसवर उभा करा, खेळाडूपासून हातभर नाही, चांगला लांब.

२. घरातल्या सगळ्यात उंच खेळाडूने बॉल न ठेवता ड्रायव्हरचा फुल स्विंग मारायचा. मोबाईल लांब ठेवून स्लो मोशन शूट करा, मोबाईलपासून खेळाडू आणि बांबू सारख्याच अंतरावर हवेत नाहीतर आकडा चुकतो.

३. व्हिडिओ पॉज करून क्लबचं डोकं सगळ्यात वर कुठल्या टेपपर्यंत गेलं ते बघा, त्यात पायाखालच्या मॅटची जाडी आणि वर अर्धा फूट मोकळा धरा.

आता खोलीत फरशीपासून बीमच्या खालच्या कडेपर्यंत मोजा, स्लॅबपर्यंत नाही. पीओपी असेल तर पीओपीपर्यंत. स्विंगच्या जागेवरचा पंखा काढावाच लागतो.

उंची पुरत असली तरी खोलीत पहिला स्विंग अगदी सावकाशच घ्या.