खिडकीच्या काचेतून कॅमेरा: रात्रीचं पांढरं चित्र असं घालवलं

घरातला वायफाय कॅमेरा काचेआडून पार्किंगवर रोखला, की दिवसा चित्र ठीक येतं आणि रात्री नुसता पांढरा धूर. कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड एलईडींचा (अंधारात बघण्यासाठीचे, डोळ्यांना न दिसणारे दिवे) प्रकाश काचेवर आपटून थेट लेन्समध्ये परततो. म्हणून ॲपमध्ये नाइट व्हिजन ‘ऑटो’वरून ‘बंद’ केलं आणि कॅमेऱ्यावरचा छोटा स्टेटस लाइटही बंद केला. इन्फ्रारेड गेल्यावर उजेड बाहेरूनच हवा, त्यासाठी दाराबाहेर ९ वॅटचा एलईडी बल्ब रात्रभर चालू ठेवला. बल्ब कॅमेऱ्याच्या नजरेत येऊ देऊ नका, चित्र पांढरं पडतं.

लेन्स काचेला जवळजवळ टेकवून सभोवती काळ्या फोमची कडी चिकटवली, त्यामुळे खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब गेलं. काच दोन्ही बाजूंनी पुसा. सरकत्या खिडकीची मच्छरदाणी मध्ये येत असेल तर ती बाजूला सरकवाच, नाहीतर चित्र धूसर येतं. गडद टिंटेड काचेतून रात्री फारसं हाती लागत नाही.

पीआयआर सेन्सरवर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) विसंबू नका, अंगाची उष्णता काचेपार पोचत नाही. चित्रातल्या बदलावरून हालचाल ओळखणारा पर्याय निवडा आणि झाडाच्या फांद्या त्या क्षेत्रातून वगळा. पश्चिमेच्या खिडकीत उन्हाळी दुपारी कॅमेरा तापतो, तिथे वरून सावली हवीच.