मीराची प्रत लावताना

रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या ताऱ्यांचं निरीक्षण शिकायचं असेल, तर तिमिंगल तारकासमूहातल्या मीरापासून सुरुवात करावी. हा तांबडा राक्षसी तारा साधारण ३३२ दिवसांत एकदा फुगून आकसतो. ऐन भरात तो बहुधा ३.४ प्रतीच्या आसपास असतो आणि नुसत्या डोळ्यांना सहज दिसतो. उतरला की ९.३ च्या घरात जातो, तेव्हा दुर्बिणीशिवाय सापडत नाही. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. प्रतीचा आकडा मोठा, तेवढा तारा मंद, हे पहिल्याच दिवशी पक्कं करा.) शिखर दर वेळी तेवढंच येत नाही, कधी २ च्या जवळ जातं, कधी ४ लाच अडतं. म्हणून १५९६ मध्ये डेव्हिड फाब्रिशियसच्या नजरेत आलेल्या या ताऱ्याच्या नोंदी आजही हव्या असतात.

तेजातला हा दोनशे पटींहून मोठा फरक पाहून ताऱ्याची सगळी ऊर्जाच तेवढी घटत असेल असं वाटतं. तसं होत नाही. तारा थंडावला की त्याच्या वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू वाढतात आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश गिळतात. अवरक्त किरणांत पाहिलं, तर हाच चढउतार पुष्कळ कमी भरतो.

नकाशाशिवाय प्रत ठरवता येत नाही. १९११ साली स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या संस्थेच्या संकेतस्थळावर ताऱ्याचं नाव टाकलं की नकाशा मोफत मिळतो. त्यावर तुलना ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांच्याशी ताडून पाहायचं त्या ताऱ्यांच्या, प्रती दशांश चिन्हाशिवाय छापलेल्या असतात, ४१ म्हणजे ४.१. टिंबाला कुणी तारा समजू नये म्हणून ही सोय. मीरासाठी दोन नकाशे ठेवा: द्विनेत्रीसाठी विस्तृत क्षेत्राचा आणि दुर्बिणीसाठी लहान क्षेत्राचा. आरशाच्या दुर्बिणीत दृश्य उलटं दिसतं, तर काटकोनी आरसा लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत डावं-उजवं बदलतं. नकाशाही त्याच मांडणीचा छापून घ्या, नाहीतर अर्धा तास तारा शोधण्यातच जाईल.

डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं द्या, विजेरी मंद लाल प्रकाशाची वापरा. मग मीरापेक्षा किंचित तेजस्वी एक आणि किंचित मंद एक असे दोन तुलना तारे निवडा. समजा, वर याच तारकासमूहातला ३.५ प्रतीचा गॅमा सेटी आहे आणि खाली ४.१ चा डेल्टा सेटी. दोघांत फरक ०.६. मीरा वरच्यापासून एक तृतीयांश अंतर खाली वाटला, तर प्रत झाली ३.७. एवढंच गणित आहे. एकाच तुलना ताऱ्यावर भागवू नका.

अवघड आहे ते डोळ्याला आवरणं. गॅमा आणि डेल्टा पांढरे-निळसर, मीरा तांबडा. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो हळूहळू आहे त्यापेक्षा तेजस्वी भासू लागतो. याला पुर्किंजे परिणाम म्हणतात, आणि नवख्यांचे आकडे सर्वांत जास्त इथेच चुकतात. झटकन पाहा, नजर हलवा, तुलना ताऱ्याकडे पाहा, पुन्हा मीराकडे या. दुर्बिणीत फोकस थोडा ढिला करून ताऱ्यांच्या चकत्या केल्या, तर रंगाचा त्रास कमी होतो. दोन्ही तारे आळीपाळीने क्षेत्राच्या मध्यावर आणा. एकाच वेळी पाहायचे असतील, तर त्यांना जोडणारी रेषा तुमच्या दोन डोळ्यांच्या रेषेला समांतर येईल असं डोकं कलतं करा. एक तारा वर, एक खाली राहिला, तर अर्ध्या प्रतीपर्यंत चूक होऊ शकते.

मीरा मंदावलेला असताना आणखी एक फसगत होते. त्याच्या अगदी लगत, सुमारे दोन कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), नवव्या प्रतीचा एक साधा तारा आहे. त्यालाच मीरा समजून आठवडेच्या आठवडे एकच प्रत नोंदवली जाते. आलेख सपाट दिसू लागला, की आधी नकाशा तपासा.

तारा क्षितिजापासून २० अंशांपेक्षा खाली असेल, तर निरीक्षण टाळलेलं बरं. पर्याय नसेल, तर तुलना तारे तेवढ्याच उंचीवरचे घ्या. तारा दिसलाच नाही, तर दिसलेल्या सर्वांत मंद तुलना ताऱ्याची प्रत ‘यापेक्षा मंद’ अशी खूण करून लिहा. हीही पूर्ण नोंद आहे. नोंदीत जागतिक वेळ, प्रत, वापरलेले दोन्ही तुलना तारे, नकाशाचा क्रमांक आणि चंद्रप्रकाश किंवा विरळ ढग होते का, एवढं हवंच. ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांची सलग मोजणी, लिहिताना तो जागतिक वेळेनुसार दुपारी १२ ला बदलतो, मध्यरात्री नाही, हे विसरू नका.

मीरासाठी आठवड्यातून एक नोंद पुरते. रोज पाहिलं, तर कालचा आकडा डोक्यात राहतो आणि आजचा आपोआप त्याच्याजवळ सरकतो. त्याच कारणासाठी वही उघडण्याआधी इतरांचे आकडे पाहू नका. आलेखाच्या हिशेबाने मीरा आता चढायला हवा आणि तुम्हाला तो मंद दिसतोय, तर मंदच लिहा.

एप्रिलच्या सुमारास मीरा सूर्याच्या प्रकाशात हरवतो. तेव्हा संध्याकाळी सिंह तारकासमूहातल्या मघा ताऱ्याच्या पश्चिमेला असलेला आर लिओनिस हा रूपविकारी तारा धरा. त्याचं आवर्तन साधारण ३१० दिवसांचं, आणि शेजारी १८ व १९ लिओनिस हे दोन तारे त्याच्याशी छोटा त्रिकोण करतात, त्यामुळे जागा लवकर सापडते. जूनमध्ये मीरा पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतो.