‘लेग पुलिंग’ म्हणजे पाय ओढणं नव्हे: इंग्रजी इडियम्स शिकताना या चुका टाळा

वडसा-ब्रह्मपुरीकडच्या पोरांना इंग्रजी शिकवताना दर वर्षी त्याच चुका समोर येतात. सगळ्यांत महागात पडते ती ही: शब्द मराठीशी जुळले की अर्थही जुळला, असं धरून चालणं.

आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं. इंग्रजीत कुणाचा ‘लेग पुल’ करणं म्हणजे त्याची थट्टा करणं. माझा एक विद्यार्थी नागपूरला मुलाखतीला गेला. पदवीनंतर मध्ये खंड का पडला, असं त्याला विचारलं. नातेवाईक पुढे शिकू देत नव्हते, हे सांगायचं होतं. तो म्हणाला, ‘माय रिलेटिव्हज वेअर पुलिंग माय लेग.’ समोरचे हसले आणि नातेवाईक कसली थट्टा करायचे, ते विचारू लागले. आपण घरचं दुखणं सांगतोय आणि हे हसतात का, हेच त्याला कळेना. पुढची येत असलेली उत्तरंही अडखळली. परत येऊन विचारतो, ‘सर, पाय ओढणं म्हणजे लेग पुलिंगच होते नं जी?’ नाही होत. ‘दे हेल्ड मी बॅक’ एवढं साधं वाक्य पुरलं असतं. अर्थाची खात्री नसेल तर मुलाखतीत इडियम वापरूच नका. पोरगा हुशार होता, म्हणून जास्त वाईट वाटतं.

‘ब्रेक अ लेग’ ही रंगमंचावर जाणाऱ्याला दिलेली शुभेच्छा आहे. झाडीपट्टीच्या नाटकात काम करणाऱ्या मित्राला जरूर द्या, प्रवासाला निघालेल्याला नको.

‘किक द बकेट’ म्हणजे मरणं, एवढंच पाठ केलेली मुलं आजोबा गेल्याच्या रजेच्या अर्जातही तेच लिहितात. तो हलक्या सुरातला प्रयोग आहे, दुःखाच्या जागी तो अपमान ठरतो. तिथे ‘पास्ड अवे’ लिहा.

शब्द बदलू नका. ‘स्पिल द बीन्स’मध्ये (म्हणजे गुपित फोडणं) काळाप्रमाणे ‘स्पिल्ड’ होईल, पण बीन्सच्या जागी पीज येणार नाहीत.

पावसाच्या निबंधातले ‘कॅट्स अँड डॉग्स’ आता थांबवा. जोनाथन स्विफ्टने १७३८ मध्ये छापलेला हा प्रयोग आज जुनाट वाटतो. ‘इट्स पोरिंग’ म्हणा.

‘एका रात्रीत ५०० इडियम्स’ असल्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांचा मला मनापासून राग आहे. अर्थ एका ओळीत, प्रसंग कुठेच नाही. परीक्षेत चारांतला एक पर्याय ओळखायला तेवढं पुरेलही, बोलायला पुरत नाही. आठवड्याला तीन-चारच घ्या.

मी वहीच्या एका पानावर इडियम आणि समोरच्या पानावर गावातला प्रसंग लिहायला लावतो: कोण, कुणाला, कधी म्हणेल. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’समोर एका मुलीनं लिहिलं, ‘बाबा, ऊन आहे तोवर कडपा बांधून घ्या.’ कडपा म्हणजे कापलेलं धान; संधी आहे तोवर काम उरकून घ्या, हाच त्या इडियमचा अर्थ. तिला तो अर्थ पुन्हा पाठ करावा लागला नाही.

अगदी नवखे असाल तर क्रिकेटपासून सुरुवात करा. ‘ऑन द बॅक फूट’, म्हणजे बचावाच्या पवित्र्यात, हे तुम्हाला आधीच कळतं. मग ‘स्टिकी विकेट’ घ्या: पावसानंतर उन्हात वाळत जाणारी, फलंदाजाला नकोशी खेळपट्टी, आणि त्यावरून कुठलीही अवघड परिस्थिती.